अर्धं बोट वर

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा हात सध्या खांद्याच्या वर जात नाही, तेव्हा तूर्त सात अंगं पोचली असं समजावं. आठव्याचं कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून बजावलं आणि तुम्ही लगेच गच्चीवर जाऊन ही बातमी चार शेजाऱ्यांना सांगून आलात, असं मामींच्या पत्रातून कळलं. असं करू नका. मामींचा मोतीबिंदू निघाला हे वाचून फार बरं वाटलं. आता त्यांना घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे असंही कळलं, त्यामुळे तुमचे दिवस कसे जात असतील याची मला कल्पना आहे. इकडे सगळं ठीक. हिची दातांच्या दवाखान्यातली नोकरी व्यवस्थित चालू आहे, मुलगी परीक्षेतून सुटली आणि आता आमची परीक्षा घेते आहे. पत्राला विशेष कारण असं काही नाही. खुशाली कळवावी, एवढंच. एक आनंदाची बातमीही आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला मधला सगळा गोंधळ सांगावा लागेल, आणि तो मला स्वतःलाच अजून उलगडलेला नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मामी माझी पत्रं मोठ्याने वाचतात आणि शेजारच्या काकू ऐकायला येऊन बसतात हे मला ठाऊक आहे, म्हणून काकूंसाठी आधी थोडा खुलासा. आम्ही नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवतो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण; अंगाने भरलेली, आवाजाने जाड, आणि घरातल्या थोरल्या बहिणीसारखीच, ती आहे म्हणून सगळं चाललंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. आम्ही सहा जण आहोत. एका स्टँडवर दोघं, असे तीन स्टँड. सहाही जण मामांनीच शिकवून तयार केले आणि मग ते अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी सगळ्यांत मागच्या स्टँडवर बसतो. माझ्या शेजारी ज्या बाई बसतात त्यांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असते, म्हणून त्या पेन्सिलताई. पहिल्या स्टँडवर बसतो तो आमचा म्होरक्या. एवढी माणसं काकूंनी लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

आता मूळ मुद्दा. मामा, तुम्हाला आठवतं का, तुमच्या मागच्या खोलीत, रद्दीच्या गठ्ठ्यांच्या मधोमध उभं करून तुम्ही मला गज उडवायला शिकवलंत ते? (काकू, गज म्हणजे घोड्याचे केस ताणून लावलेली ती लांब काठी. एरवी ती तारेवरून घासत न्यायची, पण काही ठिकाणी ती तारेवर उडवायची असते, म्हणजे प्रत्येक सूर टुक टुक असा सुटा, हलका निघतो.) तुम्ही माझा गज दोन बोटांत धरून तारेवर नुसता सोडलात आणि तो आपला आपण टुक टुक टुक करत नाचत गेला. तुम्ही म्हणालात, लाकडाला मुळात उडायचंच असतं, तू फक्त मध्ये येऊ नकोस. उडवायचा नाही, उडू द्यायचा. मी मान डोलावली. मग गज माझ्या हातात दिलात आणि तो तारेवर असा बसला की जणू घरजावई. पुढचे आठ महिने मी मध्ये न येण्याचा जिवापाड प्रयत्न केला. जितका जास्त प्रयत्न करावा तितका मी जास्त मध्ये यायचो. तुम्ही एकदाही रागावला नाहीत, हे मी विसरलेलो नाही. तुम्ही फक्त खिडकीतून बाहेर बघायचात.

आणि मग माझ्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला कपडेपटाच्या बोळात बाजूला घेतलंत. राजाराणीच्या झग्यांच्या आडोशाला उभे राहून तुम्ही हलक्या आवाजात म्हणालात, ‘त्या उड्यांच्या जागी गज तारेच्या अर्धं बोट वर ठेव. उड्या मार, पण उतरू नकोस. बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि ऐकणाऱ्यासाठी बाकीचे पाच जण आहेत. घरचा म्हणून तुला एकट्याला सांगतोय.’ मला त्या क्षणी इतकं भरून आलं की मी तुमच्या पाया पडायला वाकलो आणि राणीच्या झग्यात अडकलो.

त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत मी उड्यांच्या जागी तारेला शिवलेलो नाही. (बाकीचं सगळं मी वाजवतो आणि बरं वाजवतो, काकूंचा गैरसमज नको.) आणि हे काम सोपं आहे असं कुणी समजू नये. गज तारेला लागू न देता अगदी जवळ नाचवायचा, कोपर मोकळं दिसलं पाहिजे, चेहऱ्यावर थोडा त्रास दिसला पाहिजे, शेवटच्या उडीनंतर किंचित दम लागला पाहिजे. मी तर पुढे पुढे तारेवरची नसलेली राळ (गजाला चोळतात ती पूड) फुंकरही मारून उडवायला लागलो. एका समारंभात एका वयस्क श्रोत्याने मला मुद्दाम भेटून सांगितलं होतं की तुमचा हात काय सुरेख चालतो हो. मी लाजलो. पण मनातल्या मनात त्याचं सगळं श्रेय मी नेहमी पेन्सिलताईंना दिलं, कारण माझ्या वाट्याचे सूरही ती बाई बिचारी मुकाट्याने वाजवते, आणि एकदाही बोलून दाखवत नाही.

या वर्षी आमच्याकडे नव्या संचालिका आल्या. त्या हातातल्या छडीने ताल दाखवतात, म्हणून आम्ही त्यांना छडीबाई म्हणतो. (समोर नाही.) आधीचे संचालक कागदातून मान वर काढत नसत, छडीबाईंचे कान मात्र असे तिखट आहेत की मागच्या रांगेत कुणी लिमलेटची गोळी चघळली तरी तिचा कागद कुठल्या रंगाचा ते सांगतील. पहिल्याच दिवशी आमचा तो सोळा मात्रांचा उड्यांचा भाग झाला आणि त्यांनी छडी खाली ठेवून सांगितलं की व्हायोलांचा आवाज मला विशेष आवडला. कोरडा, हलका, लाकडी. असा आवाज मी कुठे ऐकला नाही. आम्ही सहाही जणांनी नम्रपणे माना खाली घातल्या. मी पेन्सिलताईंकडे कौतुकाने पाहिलं. त्याही माझ्याकडे तशाच कौतुकाने बघत होत्या. मला वाटलं, काय मनाचा मोठेपणा!

मग नव्या खुर्च्या आल्या. तुमच्या वेळच्या त्या लाकडी खुर्च्या आठवत असतीलच, प्रत्येकीचा एकेक सांधा निखळलेला, पाय जमिनीला आळीपाळीने टेकणारे. त्या सगळ्या व्यवस्थापनाने एका फटक्यात काढल्या आणि लोखंडी पायांच्या, जाड गादीच्या खुर्च्या आणल्या. बसल्यावर उठवत नाही अशा. पहिल्या तालमीला आम्ही त्यात ऐसपैस बसलो, उड्यांचा भाग सुरू झाला, आणि चौथ्या मात्रेला छडीबाई थांबल्या. म्हणाल्या, व्हायोला कुठे गेले? आम्ही तर समोरच होतो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. तुम्ही मला दिसताय, पण ऐकू येत नाही, असं म्हणाल्या. मामा, खरं सांगतो, त्या वेळी मला पेन्सिलताईंचा भयंकर राग आला. म्हटलं, बसायला मऊ मिळालं की माणूस असा आळसावतो! मी त्यांच्याकडे जरा कडक नजरेने पाहिलं. तर त्या माझ्याकडे त्याहून कडक नजरेने बघत होत्या. मला काही उमजेना.

छडीबाई म्हणाल्या, एकेक स्टँड वाजवा, मागून सुरुवात करा. म्हणजे आम्ही. बाकी सगळा वाद्यवृंद वाद्यं मांडीवर घेऊन आमच्याकडे वळून बसला. छडी हलली. माझा गज उठला, पेन्सिलताईंचा उठला, आणि दोन्ही गज असे एकासारखे एक नाचायला लागले की बघत राहावं. आवाज मात्र काही नाही. सज्जात एक बाई झाडत होत्या, तो झाडूचा आवाज तेवढा स्पष्ट येत होता, आणि मग त्यांनीही काय चाललंय ते बघायला झाडू थांबवला. मी मध्येच थांबावं की नाही ते मला कळेना, कारण सोळा मात्रा पुऱ्या करायची शिस्त तुम्हीच लावलीत. मी पुऱ्या केल्या. वर सवयीने फुंकरही मारली.

छडीबाईंनी मधल्या स्टँडकडे छडी केली. मधले दोघे नाचले, आवाज नाही. मग पहिला स्टँड. म्होरक्या आणि त्याचा जोडीदार जीव तोडून नाचले, आवाज नाही. मग सहाही जण एकदम. छडीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी शेजारच्या चेलोवाल्या बाईंना अगदी हळू, घाबऱ्या आवाजात विचारलं, मला ऐकू येईनासं झालंय का? चेलोवाल्या बाई आदबीने म्हणाल्या, नाही हो, आम्हालाही तेच ऐकू येतंय. मामा, मला त्या क्षणी स्वतःपेक्षा छडीबाईंची जास्त दया आली. पण तरीही एक प्रश्न राहतोच ना, की मग त्यांनी पहिल्या दिवशी जे ऐकलं ते काय होतं? मी तर वाजवलं नव्हतं. कुणीच वाजवलं नव्हतं. माझ्या तर अंगावर काटा आला.

याचा उलगडा नाट्यगृहाच्या सुतारांनी केला. ते बाजूला उभं राहून पडद्याची दोरी बघत होते, ते म्हणाले, ‘बाई, तो आवाज माझ्या खुर्च्यांचा होता. मी म्हटलं होतं काढू नका म्हणून.’ आणि आत जाऊन त्यांनी माझी जुनी खुर्ची उचलून आणली, मला तिच्यावर बसवलं आणि म्हणाले, आता करा. मी केलं. कुर्र, टुक, टुक, कुर्र, टुक. अगदी तालात. कोरडा, हलका, लाकडी. पितळी वाद्यांची सगळी रांग हसून हसून खाली वाकली, एकाच्या तुतारीतून नको तो आवाज निघाला. छडीबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुट्टी दिली, पंधरा मिनिटांची.

आम्ही सहा जण मागच्या बाजूला पाण्याच्या नळापाशी जमलो. म्होरक्याने नळ सोडला, नळ बंद केला, आणि म्हणाला की मला हे फार पूर्वी मामांनी सांगितलं होतं, मला एकट्याला, पुढे तूच म्होरक्या होणार म्हणून. मधल्या स्टँडवरच्या दोघांपैकी एकाला एकट्याला सांगितलं होतं, त्याचा हात मोडून बसवलेला होता म्हणून. दुसऱ्याला एकट्याला, तो लांबून यायचा म्हणून. म्होरक्याच्या जोडीदाराला एकट्याला, त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं म्हणून. पेन्सिलताईंना एकटीला, मुलीसारखी म्हणून. मी शेवटी हळूच म्हटलं, मला घरचा म्हणून. त्यावर पेन्सिलताई फणकाऱ्याने म्हणाल्या, ‘म्हणजे गेली चौदा वर्षं तुमच्या वाट्याचं मी वाजवते असं तुम्ही समजत होता? अहो, मी समजत होते तुम्ही वाजवताय! मी तुमच्यासाठी दर वर्षी स्वेटर विणत आले त्या उपकारापोटी!’ मामा, मला वाईट वाटलं हे मी लपवत नाही. सहा जणांना सांगितलंत याचं नाही. पण चौघांना कारण काहीतरी त्यांच्या कर्तृत्वाचं किंवा अडचणीचं, पेन्सिलताईंना निदान मायेचं, आणि मला मात्र नुसतं नात्याचं, हे जरा लागलं. असो.

छडीबाईंनी निकाल दिला तो असा: पुढच्या गुरुवारी प्रत्येकाने एकट्याने, लाकडी खुर्चीशिवाय, उभं राहून तो भाग वाजवायचा. ज्याला येईल तो राहील. ज्याला येणार नाही त्याची खुर्ची उचलायची. कुणालाच आला नाही तर व्हायोलांचा सगळा भाग त्या क्लॅरिनेटसाठी लिहून घेतील. एवढं बोलून त्या गेल्या. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे, मामा. मला दुसरं काहीही करता येत नाही. घरी जाऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली, मग शिका ना, आठ दिवस आहेत. आठ महिन्यांत जे जमलं नाही ते, हे हिला माहीत नव्हतं.

मी मग ज्याला त्याला विचारत सुटलो. व्हायोलिनवाले म्हणाले, सगळं मनगटात आहे. चेलोवाल्या बाई म्हणाल्या, मनगट विसरून जा, बोटं. डबल बासवाला दीड माणसाएवढा आहे, तो म्हणाला की ते सगळं खरं असलं तरी उडी मुळात पोटातून येते. मी मनगट मोकळं सोडलं की बोटं आखडायची, बोटं सोडली की खांदा वर चढायचा, आणि पोटाकडे लक्ष दिलं की कुठून सुरुवात केली तेच विसरायचो. शेवटी गज दुरुस्त करणाऱ्यांकडे गेलो, म्हटलं दोष लाकडाचाच असणार. त्यांनी एक डोळा मिटून गज डोळ्यांपुढे आडवा धरला, केस तपासले, आणि दोन बोटांत धरून माझ्याच व्हायोलावर टुक टुक टुक नाचवून दाखवला. त्या गृहस्थांना वाजवायला अजिबात येत नाही. म्हणाले, गज उत्तम आहे, फक्त तुम्ही त्याला धरून ठेवता. मी म्हटलं, नाही धरला तर पडेल. ते म्हणाले, म्हणून धरायचा, पण धरून ठेवायचा नाही. मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर येऊन बराच वेळ फुटपाथवर उभा राहिलो.

एक पुस्तकही आणलं. त्यात लिहिलंय की गज उडण्याचे प्रकार तीन. एक स्पिकातो, त्यात गज आपण उडवायचा. दुसरा सोतिये, त्यात आपण काही करायचं नाही, नुसतं मधोमध भराभर घासायचं, गज आपोआप उडतो. तिसरा रिकोशे, त्यात गज एकदाच तारेवर टाकायचा आणि मग तो पाण्यावर टाकलेल्या चपट्या दगडासारखा चारपाच टप्पे घेत जातो. म्हणजे पहिल्यात करायचं, दुसऱ्यात करायचं नाही, आणि तिसऱ्यात करून मोकळं व्हायचं. आमच्या भागात यातला नक्की कुठला हवा हे पुस्तकात नाही. मी पहिला करायला गेलो तर तो दुसरा होईल अशी भीती, दुसरा करायला गेलो तर काहीच होईना, आणि तिसरा केला तेव्हा गजाने एकच टप्पा घेतला, तोही थेट मुलीच्या माशांच्या टाकीत. मासे बचावले. गज दोन दिवस दोरीवर मोज्यांच्या शेजारी वाळत होता. हिने ते सगळं बघितलं आणि म्हणाली, ‘आमच्याकडे येतात ना, त्यांना तोंड उघडा म्हटलं की घाबरून जबडा आवळतात. तुमच्या हाताचं तसं झालंय.’ मग त्यांना तुम्ही काय सांगता, मी विचारलं. ही म्हणाली, काही नाही, थोडा वेळ दुसरं काहीतरी बोलतो. पण गजाशी दुसरं काय बोलणार?

गुरुवार उजाडला. छडीबाई पहिल्या रांगेत वही घेऊन बसल्या. म्होरक्याने सुरुवात केली. खिळे ठोकल्यासारखा आवाज निघाला आणि सहाव्या ठोक्याला तार तुटली. त्याच्या जोडीदाराचं आणि मधल्या दोघांचं काय झालं ते मी लिहीत नाही, तेही तुमचेच शिष्य आहेत. पेन्सिलताईंचा गज घसरत घसरत घोडीवर (तारांखालच्या उभ्या लाकडी पट्टीवर) गेला आणि असा किंचाळला की त्यांनी स्वतःच डोळे मिटले. त्या येऊन माझ्या शेजारी बसल्या, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या. मग मी. आठ दिवसांच्या मेहनतीने माझा खांदा असा धरला होता की हात वर जाईना. मी मनात म्हटलं, झालं ते झालं, एकोणीस वर्षांनी निदान एकदा गज तारेवर ठेवू आणि घरी जाऊ. मी हात नुसता खाली सोडला. आणि मामा, तो उडाला. टुक टुक टुक टुक, सोळाच्या सोळा मात्रा, स्वच्छ, सुटा, हलका. मी वाजवत नव्हतो हो. मी फक्त तिथे उभा होतो. मला वाटलं हे दुसरंच कुणीतरी वाजवतंय आणि मी वळून मागेही पाहिलं.

छडीबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हेच, हेच हवं होतं, कसं केलंत? आणि मी, का कोण जाणे, म्हणालो, ‘एकोणीस वर्षांची सवय आहे.’ म्हणालो खरा. त्यावर त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की मग बाकी पाच जणांना तुम्हीच शिकवा. अजून आठ दिवस देते. पुढच्या गुरुवारी सहाही जण एकत्र वाजवतील. वाजले तर सहाही राहतील, नाही तर सहाही जातील. पाचही जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि म्होरक्या, जो माझ्याशी कधी धड बोलला नाही, मला गुरुजी म्हणाला.

तर अशी ही आनंदाची बातमी. तुमच्या भाच्याला तुमची जागा मिळाली म्हणायला हरकत नाही. हिला फार अभिमान वाटतोय, दवाखान्यात लोकांची तोंडं उघडी असताना ती हेच सांगत असते. उत्तराची घाई नाही, गुडघा सांभाळून सावकाश लिहा. मामींच्या नव्या डोळ्यांना आणि काकूंच्या जुन्या कानांना माझा नमस्कार सांगा.

सात अंगांनी तुमचाच,
भाचा

ता. क. उत्तराची घाई नाही असं वर लिहिलंय ते चुकून. घाई आहे. त्या दिवसानंतर गज एकदाही उडालेला नाही. शुक्रवारी पाचही जण आमच्या बाहेरच्या खोलीत शिकायला येऊन बसले, तेव्हा मी गज व्हायोलाच्या पेटीतून काढलाच नाही. म्हटलं, आज फक्त विचार समजून घेऊ. मग मी त्यांना सांगितलं की उडवायचा नाही, उडू द्यायचा. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. पेन्सिलताईंनी खाली दोन रेघा मारल्या. पुढची शिकवणी बुधवारी आहे. तेव्हा मामा, तो नक्की कसा उडतो, हात कुठे सैल सोडायचा आणि कुठे नाही, हे पाठोपाठच्या टपालाने, शक्य तर आकृती काढून कळवावं. पत्र लिहिलं ते यासाठीच.

ता. ता. क. शिकवणी संपल्यावर पेन्सिलताई चपला घालायला सर्वांत मागे राहिल्या. त्यांचा चेहरा बघवेना. मी त्यांना हळूच म्हणालो की पाचांमध्ये तुमचाच हात तयार आहे, दुसऱ्या कुणाला सांगू नका. त्या बाई दारातच दोन इंच उंच झाल्या. मग जिन्यात म्होरक्या भेटला, त्यालाही तेच सांगितलं. मग कोपऱ्यावर मधले दोघे, वेगवेगळे गाठून. बसथांब्यावर उरलेला. मी असं का केलं ते मला ठाऊक नाही. त्यातला एकही शब्द खरा नव्हता आणि तरीही बोलताना मी खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही.

ता. ता. ता. क. हे मामींना मोठ्याने वाचू देऊ नका. मामा, मागच्या खोलीत तुम्ही दोन बोटांनी गज नाचवून दाखवायचात, पण अख्खा भाग वाजवताना तुम्हाला मी कधी ऐकलेलं नाही. परवापासून आठवतोय, ऐकलेलं नाही. तुम्हाला ते येत होतं का? येत असेल तर कसं, ते लिहा. येत नसेल, तर बाकी काही लिहू नका, नुसतं ‘नाही’ एवढंच लिहा आणि लगेच पाठवा. स्वतःला येत नसलेली गोष्टही माणसाला आठ महिने न रागावता शिकवता येते, एवढा धीर मला गुरुवारपर्यंत पुरेल.